शेक, डाग आणि धुरी : मोक्सा-उपचाराची परिभाषा व व्यवहार

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादी उपचारपद्धती एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा तिच्याबरोबर तिचे नावही जाते. परंतु नाव जितक्या सहजतेने प्रवास करते तितक्या सहजतेने त्याचा अर्थ प्रवास करीत नाही. चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम आणि तिबेट या प्रदेशांत शतकानुशतके रूढ असलेला मोक्सा-उपचार हे याचे बोलके उदाहरण होय. विशिष्ट वनस्पतीची वाळलेली पाने कुटून त्यांचे पिंजलेल्या कापसासारखे मऊ तंतू करावेत, ते त्वचेवर अथवा त्वचेजवळ जाळावेत आणि त्या उष्णतेने शरीरावरील ठराविक स्थान तापवावे, एवढेच या उपचाराचे सर्वसाधारण वर्णन करता येते. गुडघेदुखी, कंबरदुखी, वारंवार पोट बिघडणे, पाळीच्या वेळची वेदना, हातपाय गार पडणे, थकवा अशा नित्याच्या तक्रारींवर तो योजला जातो.

या उपचाराविषयी मराठीत लिहू लागताच तीन शब्द आपोआप पुढे येतात : शेक, डाग आणि धुरी. तिन्ही आपल्या घरगुती वैद्यकातील जुने शब्द आहेत आणि तिन्हींचा मोक्साशी थोडाबहुत संबंध आहे. तथापि ते परस्परांचे पर्याय नव्हेत. शेक घेतलेला मनुष्य उठून कामाला लागतो; डाग दिलेल्या मनुष्याच्या अंगावर जखम राहते. यांपैकी कोणता शब्द निवडावा हा केवळ भाषांतरकाराच्या रुचीचा प्रश्न नाही. मोक्सा या एका नावाखाली परस्परांहून भिन्न असे अनेक उपचार एकत्र आले आहेत. त्यांचे गुण वेगळे, त्यांचे अपायही वेगळे. नाव एकच राहिल्यामुळे एका प्रकाराची कीर्ती दुसऱ्यास मिळते आणि एकाच्या धोक्याकडे दुसऱ्याच्या सौम्यपणामुळे दुर्लक्ष होते. हा भेद स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२. शब्दाचा प्रवास

चिनी भाषेत या उपचारास ‘च्यू’ म्हणतात. हे अक्षर दोन घटकांचे आहे. खालच्या भागी ‘अग्नी’ दर्शविणारे चिन्ह असून वरच्या भागी ‘दीर्घकाळ’ या अर्थाचे दुसरे अक्षर आहे. वरच्या अक्षराचा उच्चारही ‘च्यू’ असाच होत असल्याने ते प्रामुख्याने ध्वनी सुचविण्यासाठी आलेले आहे. सुईने टोचण्याच्या उपचारास ‘चेन’ म्हणतात. या दोहोंचा समास ‘चेन-च्यू’ असा होतो आणि चिनी परंपरेत तो एकाच शास्त्राचे नाव म्हणून वापरला जातो. पाश्चात्त्य भाषांनी या समासातील पहिले पदच उचलले व त्यास ‘ॲक्युपंक्चर’ हे लॅटिन घडणीचे नाव दिले. अग्नीचे पद मागे पडले. यूनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत या परंपरेचा समावेश केला, त्या नोंदीत मात्र दोन्ही पदे आवर्जून ठेवलेली आहेत.

ऐतिहासिक दृष्ट्या अग्नीचे पद गौण नाही. चीनमधील हूनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगत्वै येथे १९७३ साली एका थडग्याचे उत्खनन झाले. ते थडगे इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेले होते. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकविषयक ग्रंथ सापडले. शरीरातील अकरा वाहिन्यांचे वर्णन करणारे दोन ग्रंथ त्यांत असून त्या वाहिन्यांच्या विकारांवर त्यांत डागण्याचा उपचार सांगितला आहे. सुईने टोचण्याचा उल्लेख त्यांत नाही. पुढील काळात सुई प्रबळ झाली. परंतु तांग राजवटीतील वांग थाव याने ७५२ साली सिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या संग्रहग्रंथात सुईपेक्षा अग्नीच्या उपचारास स्पष्टपणे प्राधान्य दिले. तुन्हुआंगच्या लेण्यांतून मिळालेल्या हस्तलिखितांतही मनुष्याकृती काढून तिच्यावर अशा उपचाराची स्थाने दाखविलेली आढळतात.

‘मोक्सा’ हा शब्द मात्र चिनी नाही. तो जपानी ‘मोगुसा’चे युरोपीय रूपांतर आहे. ‘मोगुसा’ची फोड ‘जळणारे गवत’ अशी करतात. सतराव्या शतकात डच व्यापारी पूर्वेकडील समुद्रांत स्थिर झाले होते. त्यांच्या बटेव्हिया येथील वसाहतीत, म्हणजे आजच्या जकार्तात, हर्मन बुशोफ हा धर्मोपदेशक राहत असे. संधिवाताच्या तीव्र वेदनेने तो त्रस्त झाला असता तेथील एका आशियाई वैदूबाईने त्याच्यावर हा उपचार केला. आलेल्या गुणाने प्रभावित होऊन त्याने या विषयावर एक पुस्तक लिहिले; ते १६७५ साली ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले आणि त्यातून ‘मोक्सा’ हा शब्द युरोपात पसरला. जपानातील देजिमा बेटावर राहिलेल्या विलेम तेन र्हायने याने १६८३ मध्ये आणि एंगेलबर्ट केंफर याने १७१२ मध्ये याच विषयावर अधिक पद्धतशीर माहिती दिली. ‘ज्वलन’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा उत्तरार्ध ‘मोक्सा’ला जोडून ‘मोक्सिबश्चन’ हा संकरित शब्द पुढे तयार झाला.

युरोपात गेल्यावर शब्दाचा अर्थ पालटला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच शस्त्रवैद्य मोक्सा वापरीत. नेपोलियनच्या सैन्यातील प्रख्यात शस्त्रवैद्य लारे याने तर त्यावर लेखन केले. परंतु हा मोक्सा पूर्वेकडील पानांचा नव्हता. कापसाची गुंडाळी किंवा सूर्यफुलाच्या खोडातील भेंड त्वचेवर ठेवून जाळीत आणि मुद्दाम खोल जखम करीत. म्हणजे वस्तू गेली, पद्धतीतील सौम्य प्रकार गेले आणि केवळ ‘जाळणे’ एवढाच अर्थ उरला. जखमा चिघळण्याच्या आणि वेदनेच्या कारणाने तेथील वैद्यकाने पुढे हा उपचार टाकून दिला. त्यांनी टाकला तो वस्तुतः डाग होता. त्यासोबत शेकाचाही विचार थांबला.

तिबेटी वैद्यकात याच्या उलट प्रकार दिसतो. तेथे या उपचारास ‘मेत्सा’ म्हणतात; त्यातील ‘मे’ म्हणजे अग्नी. त्याच नावाखाली ‘होर्मे’, म्हणजे ‘मंगोल मोक्सा’, हा एक प्रकार येतो. त्यात औषधी बियांची कापडात बांधलेली पुरचुंडी गरम तेलात किंवा लोण्यात बुडवून त्वचेवर टेकवितात. येथे त्वचेवर काहीच जळत नाही. मराठी घरात याला सरळ शेक म्हटले जाईल. ही वैद्यकपद्धती ‘सोवा-रिग्पा’ या नावाने भारत सरकारने २०१० साली कायद्याने मान्य केलेली आहे.

३. वनस्पती आणि तिचे तंतू

चीनमध्ये या कामी वापरली जाणारी वनस्पती ‘आय’ या नावाने ओळखली जाते. तिचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया अर्जाय असे असून जपानात तिच्याच वर्गातील ‘योमोगी’ वापरतात. शेवंती व सूर्यफूल यांच्या मोठ्या कुलात हा वर्ग येतो. महाराष्ट्रात देवाला वाहिला जाणारा सुगंधी दवणा हाही आर्टेमिसिया वर्गातीलच असल्याने या वनस्पतीचा वास मराठी वाचकास अगदीच परका वाटणार नाही. चीनमध्ये हूपै प्रांतातील छीचुन येथील आय विशेष नावाजलेली आहे. सोळाव्या शतकातील थोर वनस्पतिवैद्य ली श-चन याचे ते जन्मस्थान होय. जपानात शिगा व गिफू या प्रांतांच्या सीमेवरील इबुकी पर्वताचा मोगुसा जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे.

पाने उन्हाळ्याच्या आरंभी तोडतात. ती चांगली वाळवून कुटतात व चाळतात. देठ, शिरा व भुकटी निघून गेली की पानांच्या पाठीवरील पांढरट लव तेवढी उरते. या लवेमुळेच तंतू हलका, चिकटून राहणारा आणि मंद जळणारा होतो. अनेकदा चाळून मिळालेला बारीक व फिकट तंतू थेट त्वचेवर ठेवण्यासाठी आणि जाडसर तंतू कांड्यांसाठी वापरतात. जुना तंतू अधिक चांगला, असा फार प्राचीन समज आहे. सात वर्षांच्या दुखण्यास तीन वर्षे मुरलेली आय हवी, अशा आशयाचा दाखला मेन्शियसच्या ग्रंथातही येतो. त्यामागील कारण समजण्याजोगे आहे. पानांतील उडून जाणारे तेल काळाने कमी होते आणि आच अधिक सौम्य व सारखी लागते.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध याच वर्गातील एका वनस्पतीपासून मिळाले आणि त्याच्या शोधासाठी थू यौ-यौ यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यांना मार्ग दाखविणारा चौथ्या शतकातील क हुंग याचा ग्रंथ मोक्साच्या अनेक प्रयोगांसाठीही प्रसिद्ध आहे. परंतु ते औषध आर्टेमिसिया अॅन्युआ या निराळ्या जातीचे असून ते पोटात घ्यावयाचे आहे. वर्गनाम एक म्हणून एका वनस्पतीची सिद्ध झालेली शक्ती दुसरीच्या धुरात आहे असे मानणे, हा नावावरून गुण ठरविण्याचा प्रकार होय.

४. उपचाराचे प्रकार

उपचाराचे मुख्यतः चार प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार थेट व व्रणकारक. तंतूंचा लहान शंकू करून तो त्वचेवर ठेवतात व पुरता जळू देतात. फोड येतो, तो पिकतो आणि कायमचा व्रण राहतो. पूर्वी हे पिकणे हेच गुण येण्याचे लक्षण मानीत.

दुसरा प्रकार थेट पण व्रणरहित. यातही शंकू त्वचेवरच ठेवतात. परंतु चटका जाणवू लागताच तो काढून घेतात किंवा विझवितात. जपानात तांदळाच्या दाण्याएवढा शंकू करण्याची पद्धत आहे. कौशल्य येथे वेळ साधण्यात आहे.

तिसरा प्रकार आंतरित, म्हणजे मध्ये काही ठेवून केलेला. आल्याची किंवा लसणीची पातळ चकती सुईने टोचून त्वचेवर ठेवतात आणि तिच्यावर शंकू जाळतात. बेंबीच्या ठिकाणी सुई वर्ज्य मानलेली असल्याने ती मिठाने भरून वर शंकू ठेवण्याची रीत आहे.

चौथा प्रकार कांडीचा. तंतू कागदात घट्ट गुंडाळून चिरुटाएवढी कांडी करतात. तिचे पेटते टोक त्वचेपासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर दहा ते पंधरा मिनिटे धरतात. त्वचा लालसर व उबदार झाली की पुरे. टोक एका जागी स्थिर धरता येते, गोल फिरविता येते किंवा चिमणी दाणे टिपते त्याप्रमाणे खालीवर करता येते. या शेवटच्या रीतीस चिनी भाषेत ‘चिमणीचे टिपणे’ असेच नाव आहे. टोचलेल्या सुईच्या मुठीला तंतू लावून जाळण्याची रीत ही सुई व उष्णता यांची जोड होय.

आज सर्वाधिक चालतो तो कांडीचा प्रकार. त्वचेला त्यात काहीच स्पर्श करीत नाही. तरीही चिनी भाषेत पहिला व चौथा हे दोन्ही ‘च्यू’च आहेत.

मात्रेची भाषाही लक्षणीय आहे. एकदा जाळलेल्या एका शंकूस ‘च्वांग’ हे एकक आहे आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘सशक्त’ असा होतो. अकराव्या शतकातील विद्वान शेन क्वा याने याचे स्पष्टीकरण दिले आहे. सांगितलेली संख्या सशक्त प्रौढाला धरून असते. वृद्ध, बालक व दुर्बल यांच्यासाठी ती कमी करावयाची. म्हणजे मोजण्याच्या शब्दातच सावधगिरीची सूचना होती. स्थाने मोजण्यासाठी वापरले जाणारे ‘त्सुन’ हे मापही रोग्याच्याच अंगठ्याच्या रुंदीवर बेतलेले आहे. आयुर्वेदातील अंगुलिप्रमाणाशी याचे साम्य सहज ध्यानात येते.

५. नित्याच्या तक्रारी आणि पुरावा

परंपरेच्या मते मोक्सा हा ‘थंड’ विकारांवरील उपचार आहे. ऊब घेतल्याने बरे वाटते अशी पोटदुखी, गार हवेत वाढणारी सांधेदुखी, पातळ शौचास होणे, पाळीतील पोटात येणाऱ्या कळा, दीर्घ आजारानंतरची अशक्तता या त्याच्या मुख्य जागा. ताप असता तो सामान्यतः टाळण्याची शिकवण आहे. गुडघ्याच्या खाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगास असलेले ‘त्सू-सान-ली’ हे स्थान पोटाच्या तक्रारींसाठी व पायांच्या बळासाठी विशेष मानले जाते. जपानात यासच ‘सान्री’ म्हणतात. कवी बाशो याने १६८९ मधील आपल्या उत्तरेकडील दीर्घ पदयात्रेच्या वृत्तान्तात निघण्यापूर्वी या स्थानी मोक्सा घेतल्याची नोंद केली आहे. एवढा हा उपचार तेथे घरगुती होता.

परंपरेचा दीर्घकाळ हा गुणाचा पुरावा नव्हे. त्यासाठी तुलनात्मक चाचण्याच पाहाव्या लागतात. बराच तपासला गेलेला एक उपयोग गर्भाच्या स्थितीचा आहे. प्रसूतीपूर्वी गर्भाचे डोके खाली न येता मूल पायाळू राहिले, तर आईच्या पायाच्या करंगळीच्या नखाशेजारील ‘च-यिन’ या स्थानी कांडीचा शेक देण्याची चिनी पद्धत आहे. चीनच्या च्यांगशी प्रांतात प्रथमच गर्भवती असलेल्या २६० स्त्रियांवर केलेली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तेहतिसाव्या आठवड्यात उपचार सुरू केला. पस्तिसाव्या आठवड्यात उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के व न घेतलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्के स्त्रियांत गर्भाचे डोके खाली आले होते. येथे दुसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. काही न करता जवळजवळ निम्मे गर्भ स्वतःच फिरले. ज्या घरात उपचार झाला त्या घरात हे सर्व श्रेय मोक्सालाच मिळाले असते.

त्यानंतर इटलीत अशीच चाचणी योजली गेली. तिच्यात उपचार मध्येच सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी होती. वासाचा व मळमळीचा त्रासही अनेकींनी सांगितला. १२३ स्त्रियांवरच थांबलेल्या या चाचणीचा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. स्वित्झर्लंडमध्ये २१२ स्त्रियांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८ व १६ टक्के असे जवळजवळ समान आकडे आले. कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या समालोचनात मात्र सर्व चाचण्या एकत्र पाहता, नेहमीच्या देखरेखीस मोक्साची जोड दिल्यास प्रसूतीच्या वेळी मूल पायाळू वा आडवे राहण्याची शक्यता बहुधा कमी होते, असे मत मांडले आहे. शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याचे प्रमाण त्यामुळे घटते असे मात्र दिसून आले नाही. या उपयोगाविषयी आशेला जागा आहे, निश्चितीला नाही. आणि तो प्रसूतितज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा आहे.

गुडघ्याच्या झिजेवर दक्षिण कोरियात २१२ रुग्णांची चाचणी झाली व ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीचे उपचार चालू ठेवणाऱ्यांपेक्षा मोक्सा घेणाऱ्यांची वेदना कमी झाली व हालचाल सुधारली. परंतु आपणास कोणता उपचार मिळत आहे हे सर्व रुग्णांना ठाऊक होते. हीच अडचण या विषयातील बहुतेक संशोधनास भेडसावते. गोळीसारखी दिसणारी निरुपयोगी गोळी करता येते. पण ऊब न देणारी ऊब कशी करावी? उष्णता अडविणारी बनावट साधने तयार झाली आहेत. तरीही ज्याने एकदा खरा शेक अनुभवला त्यास फसविणे कठीण असते. पाळीतील वेदना, पोटाचे विकार व कंबरदुखी यांवरील चाचण्या पुष्कळ असल्या तरी बऱ्याचशा लहान व सदोष असल्याने त्यांवरून ठाम विधान करता येत नाही.

उष्णतेचा परिणाम मात्र काल्पनिक नाही. त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांवर सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढे उद्दीपित होणारा एक ग्राहक-प्रथिन आहे. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. ऊब लागल्याने त्या भागातील रक्तप्रवाह वाढतो व स्नायू सैल होतात, हेही परिचित आहे. मग प्रश्न उरतो तो असा, की मोक्साने मिळतो तो गुण गरम पाण्याच्या पिशवीने मिळणाऱ्या गुणाहून किती वेगळा? ठराविक स्थानाचे आणि ठराविक पानाचे महत्त्व या तुलनेनेच सिद्ध व्हावयाचे आहे.

६. अपाय

त्वचा किती भाजेल हे तपमान व वेळ या दोहोंवर अवलंबून असते. १९४७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोरिट्झ व हेन्रिक्स यांच्या प्रयोगांत ४४ अंशांवर त्वचा नष्ट होण्यास सुमारे सहा तास लागले. ६० अंशांवर तेच काम काही सेकंदांत झाले. शेक आणि डाग यांच्यामधील अंतर इतके अल्प आहे. कांडी एक-दोन सेंटिमीटरने खाली आली, राख झडून अंगावर पडली किंवा शेक घेणाऱ्यास डुलकी लागली, की एकाचे दुसरे होते.

म्हणूनच वेदना ही या उपचारातील खरी पहारेकरी होय. ज्यांना ती जाणवत नाही त्यांना हा उपचार घातक ठरतो. दीर्घकालीन मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेले रुग्ण, अर्धांगाचे रुग्ण, गुंगीच्या औषधाखाली असलेले रुग्ण यांचा यात समावेश होतो. तान्ही बालके तर आपली वेदना सांगूच शकत नाहीत. गुडघेदुखी असलेल्या प्रौढांत मधुमेही पुष्कळ असतात, हे भारतात विशेष लक्षात ठेवावयास हवे. चेहरा, मोठ्या रक्तवाहिन्यांवरील जागा, उघडी जखम आणि गर्भवतीचे पोट व कंबर या जागा परंपरेनेही टाळावयास सांगितल्या आहेत.

तिसरा मराठी शब्द ‘धुरी’ येथे उपयोगी पडतो. मोक्साचा धूर दाट व उग्र असतो. बंद खोलीत त्याचे सूक्ष्म कण साठतात. दम्याच्या रुग्णांस तो त्रासदायक ठरतो आणि शेवंतीच्या कुलातील वनस्पतींचे वावडे असणाऱ्यांस त्याची बाधा होऊ शकते. यासाठी कोळशासारख्या धूररहित कांड्या निघाल्या आहेत. त्यांत ऊब राहते, धुरी जाते.

७. मराठी संज्ञा

भारतीय वैद्यक-परंपरेने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदाव्या अध्यायात स्वेदनाचे, म्हणजे घाम आणणाऱ्या शेकाचे, तेरा साग्नी प्रकार सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्माचा आहे. त्यात पिंपळी, बकरीची लेंडी, गाईचा दात, बाण, शलाका, धातू, मध, गूळ व स्नेह अशी डागण्याची साधने येतात. शिवाय भाजण्याच्या प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध अशा चार अवस्थाही वर्णिल्या आहेत. स्वेदन व अग्निकर्म हे दोन अध्याय, दोन संज्ञा आणि दोन वेगळ्या क्रिया आहेत. म्हणून कांडीच्या मोक्सास ‘अग्निकर्म’ म्हणणे हे भारदस्त वाटले तरी चुकीचे होय. थेट व्रणकारक प्रकारास मात्र ते नाव शोभेल.

लोकभाषेतही हाच भेद टिकून आहे. बाळंतिणीची शेकशेगडी आणि ओव्या-शेपाची धुरी या काळजीच्या गोष्टी आहेत. ‘डाग’ या शब्दात मात्र जाळण्याची क्रिया व मागे राहणारी खूण हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. तो एके काळी उपचाराचा वाचक होता हे ‘दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला’ या म्हणीवरून दिसते; आणि तो यातनेचाही वाचक होता हे ‘मनाला डागण्या देणे’ या वाक्प्रचारावरून कळते. जपानी भाषेतही मोक्सा लावणे या अर्थाचा प्रयोग ‘कडक शब्दांत समज देणे’ या लाक्षणिक अर्थाने रूढ आहे. दोन दूरच्या भाषांनी एकाच अनुभवावरून सारखीच लक्षणा घडविली.

हा भेद जपण्याचे कारण केवळ भाषिक नाही. महाराष्ट्रातील मेळघाटात तान्ह्या मुलाचे पोट फुगले अथवा दुखू लागले की तापविलेल्या सळईने वा विळ्याने त्याच्या पोटावर चटके देण्याची प्रथा आहे. तीस ‘डंबा’ किंवा ‘डम्मा’ म्हणतात. अशी भाजलेली बालके गंभीर अवस्थेत रुग्णालयात आणल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांतही घडल्या आहेत, आणि ही प्रथा थांबविण्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना घरोघरी समजूत घालावी लागते. अशा प्रदेशात, चीन व जपानमध्ये डाग देऊन पोटाचे विकार बरे करतात, असे वाक्य एखाद्या मराठी पुस्तिकेत छापले गेले तर त्याचा काय अर्थ घेतला जाईल हे सांगावयास नको. जपानात १९४७ च्या कायद्यानुसार शासकीय परवाना असलेला उपचारक दाण्याएवढा शंकू प्रौढाच्या संमतीने लावतो. येथे अर्भकाच्या पोटावर तापलेले लोखंड टेकविले जाते. दोहोंना एक शब्द देणे म्हणजे दुसऱ्यास पहिल्याची प्रतिष्ठा देणे होय.

चिनी वैद्यकाचा परिचय महाराष्ट्रास नवा नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते, त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे ॲक्युपंक्चर भारतात आणण्यात पुढाकार घेतला. सुईबरोबर मोक्साही येथे आला आहे व येत राहील. त्यासाठी परिभाषा आधी ठरवून घेणे हिताचे होईल. एकूण पद्धतीचे नाव म्हणून ‘मोक्सा-उपचार’ हा रुळू लागलेला शब्दच ठेवावा. कांडीच्या व आंतरित प्रकारांस ‘मोक्साचा शेक’ म्हणावे. फोड व व्रण करणाऱ्या प्रकारास ‘मोक्साचा डाग’ असे स्पष्ट म्हणावे आणि त्यापुढे त्याच्या जखमेचा उल्लेख करावा. धुराविषयीची सूचना स्वतंत्रपणे द्यावी. गुडघा दुखणाऱ्या एखाद्या वृद्धेला उपचार सुचविला जाईल, तेव्हा तिने विचारावयाचा पहिला प्रश्न मग तिच्याच भाषेत तयार असेल : हा शेक आहे की डाग?